वाड्याचा जुना रंग काढण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारात आपला वडिलोपार्जित वाडा आहे, तळमजला आणि वर दोन मजले, सगळे काम सागवानी. दारे, खिडक्या आणि दर्शनी बाजूचे कोरीव हस्त (आधाराचे लाकडी ब्रॅकेट) यांवर ऑइलपेंटचे अनेक थर चढले असून आता त्यांचे पोपडे सुटू लागले आहेत. घरात चार वर्षांची नात आहे आणि धाकट्या सूनबाईंना पाचवा महिना लागला आहे. रंगाच्या ठेकेदाराने "दिवा मारून सगळे लाकूड उघडे करतो, दिवाळीआधी घर हातात देतो" असे सांगितले आहे, आणि त्याच माणसांकडून मागच्या मोरीवरचे सिमेंटचे पत्रेही उतरवून घ्यायचे आहेत. घरात राहूनच हे काम करून घेता येईल का, असे आपण विचारले आहे.

या पद्धतीने करून घेता येणार नाही. ठेकेदाराने सुचवलेली पद्धत, म्हणजे ब्लो लॅम्पच्या ज्योतीने रंग जाळून खरवडणे, ही या कामातली सर्वांत वाईट पद्धत आहे. मात्र आपल्या वाड्याला भलतेच काही झाले आहे असे समजू नये. लाकडाला घट्ट धरून बसलेला जुना रंग स्वतःहून कोणाला काही करत नाही; त्याची धूळ किंवा धूर झाला की तो नाकातोंडावाटे शरीरात जातो. म्हणून सगळा रंग काढायचा हा बेत आधी सोडून द्यावा, आणि जिथे रंग आपोआप धूळ होत आहे तेवढीच ठिकाणे हाती घ्यावीत. बडोद्यातल्या जुन्या घरांच्या डागडुजीत माझी अठ्ठावीस वर्षे गेली आहेत, आणि त्यांपैकी पहिली काही वर्षे मीही दिवा मारूनच रंग काढवत असे, हे आधीच कबूल करतो.

जुन्या तेलरंगात शिसे मुद्दाम घातले जात असे. पांढऱ्या रंगाचा सफेदा हा शिशाचाच क्षार. लोखंडी गजांना पहिला हात मारायचा तो नारिंगी शेंदूरही शिशाचा. पिवळ्या रंगात शिशाचा क्रोमेट असे आणि त्यात निळा मिसळला की दारांचा तो ओळखीचा हिरवा तयार होत असे. शिवाय अळशीच्या तेलाचा रंग लवकर सुकावा म्हणून त्यात शिशाचे क्षार पडत. इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो: विटकरी रंगाचा रेड ऑक्साइड हा लोखंडाचा असतो, त्याला घाबरण्याचे कारण नाही, भगव्याकडे झुकणारा रेड लेड तो निराळा.

आपण पत्रात "आजोबांच्या काळातला रंग" असे लिहिले आहे, पण संशय केवळ सर्वांत खालच्या थरावर घेऊन चालणार नाही. घरगुती रंगात शिसे 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त असू नये हा बंधनकारक नियम आपल्या देशात 2016 साली आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. काही मोठ्या कंपन्यांनी त्याआधीच शिसे वगळायला सुरुवात केली होती, तरी 1985 साली मुंजीच्या निमित्ताने मारलेला चकचकीत पिवळा एनॅमल हा सयाजीरावांच्या काळातल्या थराइतकाच संशयास्पद मानावा. भिंतींची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. आपल्याकडच्या वाड्यांच्या भिंतींना बहुधा चुन्याची सफेदी आणि पुढे डिस्टेंपर लागत आले, तेलरंग लाकडाला आणि लोखंडाला. त्यामुळे धोक्याचे क्षेत्र वाटते त्यापेक्षा लहान असते. अपवाद जिन्यालगतच्या आणि स्वयंपाकघरातल्या कमरेएवढ्या ऑइलपेंटच्या पट्ट्याचा.

खात्री करून घ्यायची असेल तर दोन-तीन ठिकाणचे नमुने प्रयोगशाळेत द्यावेत. नमुना घेताना जागा आधी ओली करावी आणि धारदार पात्याने वरच्या थरापासून थेट लाकडापर्यंत छेद घेऊन सगळ्या थरांसकट टिकलीएवढा तुकडा काढावा. वरचाच पापुद्रा दिला तर गेल्या दहा वर्षांतला निर्दोष रंग तपासला जाईल आणि आपण निर्धास्त व्हाल. अमेरिकेत जुन्या घरातल्या रंगात वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे 5000 पीपीएम, शिसे निघाले की त्याला शिशाचा रंग म्हणतात. जुन्या सफेद्याच्या थरात ते दहा टक्क्यांहूनही अधिक असू शकते. बाजारात रंग बदलणाऱ्या काड्या मिळतात, पण वरून घासलेली काडी खालच्या थराचे काही सांगत नाही. तपासणी जमणारच नसेल तर प्रत्येक जुना तेलरंग शिशाचाच आहे असे धरून चालावे. मी तेच करतो, त्याने कोणाचे नुकसान झालेले नाही.

आता प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक साधे गणित मांडतो. एक ग्रॅम शिसे म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. पाव चमचा साखरेचे वजन साधारण एवढेच असते. ते दहा बाय दहाच्या खोलीत सारखे पसरले तर प्रत्येक चौरस फुटावर 10,000 मायक्रोग्रॅम येते. अमेरिकेने 2019 साली घरातल्या जमिनीवरील शिशाच्या धुळीची मर्यादा चौरस फुटाला 40 वरून 10 मायक्रोग्रॅमवर आणली. म्हणजे एवढ्याशा शिशाने ती 2019 ची मर्यादा हजारपटीने ओलांडली. रंगात दहा टक्के शिसे धरले तर एवढे शिसे जेमतेम दहा ग्रॅम रंगात, म्हणजे ओंजळभर पोपड्यांत असते. त्या जमिनीवर रांगणारे, खेळणारे आणि बोटे तोंडात घालणारे मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे पोटातून शोषून घेते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शरीरात शिशाची अमुक पातळी निर्धोक असे म्हणताच येत नाही. गर्भारपणी ते वारेतून बाळापर्यंत जाते. इतकेच नव्हे, तर आईच्या हाडांत पूर्वी साठलेले शिसेही त्या काळात रक्तात उतरते. म्हणून काम चालू असेपर्यंत, आणि नंतरची साफसफाई पुरी होईपर्यंत, नातीने आणि सूनबाईंनी त्या घरात राहू नये. सूनबाई माहेरी थोड्या लवकर गेल्या तर कोणाला वावगे वाटणार नाही. "वरच्या मजल्यावर काम, आम्ही खाली" ही तडजोड वाड्यात चालत नाही, कारण मधल्या चौकातून आणि कडीपाटाच्या फटींतून धूळ बरोबर खाली उतरते.

दिवा का मारू नये, याची कारणे दोन. शिसे 327 अंशांना वितळते आणि साधारण 500 अंशांच्या पुढे त्याचा धूर होऊ लागतो. ब्लो लॅम्पची ज्योत याच्या कितीतरी वर असते. हा धूर धुळीपेक्षाही बारीक असतो, थेट फुप्फुसात जातो आणि रक्तात मिसळतो. दुसरे कारण आगीचे. जुन्या चौकटींच्या सांध्यांत शंभर वर्षांची धूळ, कोळ्यांची जाळी, चिमण्यांची घरटी कोंबलेली असतात. ज्योत वर लागते, ठिणगी आत शिरते, कामगार सहा वाजता घरी जातात आणि आत धुमसत राहिलेले लाकूड रात्री पेट घेते. सागवानी वाडा पेटला की दांडिया बाजाराच्या बोळात बंब शिरेपर्यंत काय उरेल, हे आपण जाणता.

ग्राइंडरला चकती लावून किंवा कोरड्या पॉलिश पेपरने घासणे हेही तितकेच निषिद्ध आहे. कॉस्टिक सोड्याने धुणे आपल्याकडे फार चालते, पण त्याने सागवान काळवंडते, तंतू फुटतात आणि सांध्यांत राहिलेला क्षार पुढे वर्षानुवर्षे नवा रंग उचलत राहतो. डब्यातले पेंट रिमूव्हर घेतलेच तर त्यात मिथिलीन क्लोराइड नाही हे पाहावे. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसे दगावली आहेत, शरीरात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि साधा धुळीचा मास्क ती वाफ मुळीच अडवत नाही.

मग करायचे काय? रंग कोठे घासला जातो ते आधी पाहावे. खिडकीची झडप जिथे चौकटीवर आपटते ती कड, दाराचा उंबऱ्याला टेकणारा भाग, बिजागरीची बाजू, जिन्याचा कठडा आणि पायऱ्यांच्या कडा, नात ज्या खिडकीच्या पाटावर बसून रस्ता बघते तो पाट. दरवेळी उघडझाप झाली की इथे पिठासारखी धूळ पडते. खिडकी उघडून खालच्या खाचेत ओला पांढरा कापूस फिरवून पाहावा, म्हणजे मी काय म्हणतो ते दिसेल. एवढ्या जागांवरचा रंग लाकडापर्यंत काढावा. झडपा बिजागरीतून सोडवून अंगणात आडव्या टाकून काम केले तर घरात धूळच होत नाही. बाकी ठिकाणी, विशेषतः कोरीव हस्तांवर, फक्त सुटलेले पोपडे ओल्याने काढून कडा ओल्यानेच सपाट कराव्यात आणि वर चांगला प्रायमर व नवा रंग देऊन जुने आत बंद करावे. नव्या डब्यावर शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या आत असल्याचा उल्लेख आहे का ते वाचून घ्यावे. हस्तांचे लाकूड उघडे करून पॉलिश करण्याची सध्या हौस आहे. पण आपल्या पूर्वजांनी ते रंगवण्यासाठीच घडवले असेल, तर ते रंगीतच राहावे असे माझे मत आहे.

ओले खरवडणे म्हणजे बादलीभर पाणी ओतणे नव्हे. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब घ्यावेत, हातभर जागेवर फवारावे, मिनिटभर थांबावे, मग पत्रीने (खरवडण्याच्या पात्याने) खरवडावे, आणि कोरडे दिसले की पुन्हा फवारावे. निघालेला रंग ओल्या लगद्यासारखा खाली पडला पाहिजे. उन्हाच्या तिरिपेत कण तरंगताना दिसले तर पाणी कमी पडते आहे. खोलीतले सामान बाहेर काढावे, जमिनीवर जाड प्लॅस्टिक भिंतीपर्यंत अंथरून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात, दारावर प्लॅस्टिकचा पडदा लावावा, पंखे बंद ठेवावेत. ओल्या कामापूर्वी त्या खोलीची वीज मेन स्विचवरून तोडावी, कारण जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीखालून गेलेल्या वायरींचे आवरण बोट लावताच झडते.

कामगारांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मालक मंडळी इथेच हात आखडता घेतात. नाकाला बांधलेला गमछा या धुळीपुढे निरुपयोगी आहे. अतिबारीक धूळ अडवणाऱ्या पी100 गाळणीचा अर्धमुखी मास्क द्यावा. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढी असेल तर बसत नाही. पण नाकापेक्षा तोंडाची वाट मोठी आहे. आपल्याकडचा रंगारी दर तासाला मावा चोळतो, आणि तो चोळतो त्याच हाताने ज्या हाताने पत्री धरलेली असते. बिडीचेही तेच. म्हणून नळ, साबण आणि बसायची स्वच्छ जागा कामाच्या खोलीपासून दूर द्यावी, आणि हात-तोंड धुतल्याशिवाय चहासुद्धा मिळणार नाही असा नियम करावा. कामाचे कपडे तिथेच बदलून ठेवावेत. अंगावर तेच कपडे घेऊन माणूस घरी गेला की पोराला उचलून घेतो, आणि आपल्या वाड्यातली धूळ त्याच्या झोपडीत पोहोचते.

पंचवीसेक वर्षांपूर्वी वाडी भागातल्या एका घराचे काम माझ्या देखरेखीखाली होते. तीन आठवडे दिवा मारणे चालले होते. त्यातल्या एका तरुण रंगाऱ्याच्या पोटात मुरडा येऊ लागला, बद्धकोष्ठ झाले, जेवण जाईना, हात लुळे वाटतात म्हणून पत्री खाली ठेवू लागला. आम्ही त्याला ऊन लागले असे ठरवून ताक पाजले आणि दोन दिवस सुटी दिली. परत आल्यावर पुन्हा त्याच खोलीत, त्याच दिव्यापुढे उभा केला. तो महिनाभराने काम सोडून गावी गेला. ती शिशाच्या बाधेची सरळसरळ लक्षणे होती हे मला पुढे कळले. रक्ताची एक तपासणी करून घ्यावी असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही, आणि तो ताक पाजणारा शहाणा मीच होतो.

रोजची साफसफाई केरसुणीने करू नये. साधा व्हॅक्युम क्लीनरही बारीक धूळ मागच्या बाजूने हवेत सोडतो. अतिबारीक कण अडवणाऱ्या हेपा गाळणीचाच हवा. तो नसेल तर प्लॅस्टिक ओले करून आतल्या बाजूला घडी घालत गुंडाळावे, आणि जमीन दोन बादल्यांनी पुसावी, एक साबणाच्या पाण्याची व दुसरी फडके विसळण्याची. विसळण्याचे पाणी प्रत्येक खोलीला बदलावे आणि ते तुळशीत किंवा परसात न ओतता संडासात टाकावे. फडकी पुन्हा वापरू नयेत. रंगाचा लगदा आणि प्लॅस्टिक दुहेरी पिशवीत बांधून वेगळे ठेवावे. प्रमाण मोठे असेल तर धोकादायक कचरा उचलण्याची परवानगी असलेल्या संस्थेकडे ते द्यावे लागते. त्याची चौकशी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात करता येते.

उतरवलेली जुनी लाकडे मात्र कोणी मागितली तरी जळणासाठी देऊ नयेत. रंगवलेल्या फळ्या पाण्याच्या बंबात घालणे आणि उरलेल्या होळीला नेणे ही आपल्या घरांची जुनी सवय. शिसे धुरात जाते आणि उरलेले राखेत राहते. ती राख भांडी घासायला किंवा कुंडीत गेली की फेरा पुरा होतो.

आता पत्र्यांकडे वळतो. मोरीवरचे पन्हळी सिमेंटचे पत्रे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे असतील तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचेच समजावेत. आपल्या देशात त्यांवर अजून सरसकट बंदी नाही. साबूत पत्रा फार काही करत नाही. तो कापला, भोक पाडले, फोडला किंवा पावसाळ्याआधी शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने घासला की त्यातले तंतू सुटतात. त्यापासून होणारे फुप्फुसांचे आजार आणि कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी दिसतात, त्यामुळे आज काम केलेल्या माणसाला आज काहीच कळत नाही. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली निकाल दिला, तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपाव्यात असे सांगितले ते याच कारणाने. पत्रे उतरवताना पाणी फवारून ओले ठेवावेत, जे-हुकाची नट गंजली असेल तर तेल सोडून किंवा हुक कापून सोडवावी, पत्रा अखंड खाली उतरवावा. वरून टाकू नये आणि त्यावर पाय देऊ नये, कारण जुना पत्रा वजनाने फुटतो आणि माणूस खाली येतो. फुटके तुकडे परसात फरशीसारखे अंथरण्याची पद्धत आहे, ती टाळावी. सगळे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळे द्यावे. हे काम रंगाऱ्यांचे नव्हे. छपराचे काम जाणणाऱ्याकडून निराळ्या दिवशी करून घ्यावे.

माळ्यावर कबुतरांची विष्ठा साचलेली असणार. तीही कोरडी झाडू नये. तिच्या धुळीने फुप्फुसांना बुरशीचा संसर्ग होतो. ओली करून मास्क लावून भरावी. दिवाणखान्यात शंभर वर्षांहून जुना बिलोरी आरसा असेल तर त्याच्या पाठीचा मुलामा खरवडू नये, त्यात पारा असू शकतो. आणि देवघराच्या भिंतीवर जी जुनी चित्रे असल्याचे आपण लिहिले आहे, त्यांना रंगाऱ्याचा हात लागू देऊ नये. शेजारच्याच तांबेकर वाड्याची चित्रे आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. आपली कदाचित तेवढी मोलाची नसतील, पण पारंपरिक चित्रांत सफेदा, शेंदूर, पाऱ्याचा हिंगूळ आणि सोमलाचा (आर्सेनिकचा) हरताळ हे रंग सर्रास असत. पोथीतले चुकलेले अक्षर झाकायला लावत तो हाच हरताळ, ज्यावरून आपण एखाद्या गोष्टीवर हरताळ फासला असे म्हणतो.

नातीची रक्ततपासणी काम सुरू होण्याआधीच करून घ्यावी, कारण पोपडे आजही पडत आहेत. नमुना शिरेतून घ्यावा. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरची धूळ मिसळते. डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे निघाले तर ते कुठून आले याचा शोध घ्यावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या शोधात केवळ वाडा नव्हे, तर डोळ्यांत घालायचा सुरमा, सुटा सिंदूर आणि भेसळीची भडक पिवळी हळदही धरावी. सूनबाईंनी आपल्या तपासणीविषयी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते, म्हणून दोघींच्या जेवणाकडे लक्ष द्यावे. शिसे उतरवणारी म्हणून विकली जाणारी चूर्णे घेऊ नयेत.

दिवाळीची मुदत मात्र सोडावी लागेल. यंदा फक्त रोज वापरातल्या खोल्यांतली घासणारी ठिकाणे करून घ्यावीत आणि दर्शनी भाग तुळशीच्या लग्नानंतर हाती घ्यावा. ठेकेदाराशी बोलताना दराची पद्धत बदलावी, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चौरस फुटावर दर ठरला की माणूस दिवा आणि ग्राइंडरच उचलणार, कारण ओले खरवडणे तिप्पट वेळ खाते आणि तो वेळ त्याच्या पोटातून जातो. खरवडण्याचे काम रोजंदारीवर द्यावे, प्लॅस्टिक, मास्क आणि गाळण्या आपण स्वतः आणून द्याव्यात, आणि नवा रंग मारण्याचा दर तेवढा चौरस फुटाने ठेवावा. हे ऐकून ठेकेदार हसला आणि "काका, आम्ही आयुष्यभर असेच केले" असे म्हणाला, तर दुसरा माणूस बघावा.